पाण्याखालचा श्वास

जालना जिल्ह्यावर पडणारा पाऊस शेवटी समुद्रासच मिळतो. पण तो समुद्र पूर्वेचा. कुंडलिका दुधनेस, दुधना पूर्णेस आणि पूर्णा गोदावरीस मिळते, आणि गोदावरी ते सारे पाणी बंगालच्या उपसागरात नेऊन ओतते. जिल्ह्यातील माणसे मात्र समुद्र पाहावयाचा म्हणजे पश्चिमेची वाट धरतात. जालन्याहून अरबी समुद्र सरळ रेषेने मोजला तरी तीनशे किलोमीटरांहून दूर आहे. त्यामुळे त्याचे प्रथमदर्शन पुष्कळांस मोठेपणीच घडते. अशा घरांतील मंडळी हल्ली सुटीत सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, तारकर्ली किंवा देवबाग येथे जातात, आणि किनाऱ्यावर उभे राहून लाटा पाहण्यावर समाधान न मानता, पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरतात. या विद्येस ‘स्कुबा डायव्हिंग’ म्हणतात. इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनलेल्या ‘स्कुबा’ या शब्दाचा अर्थ एवढाच की, पाण्याखाली श्वास घेण्याचे असे साधन, जे उतरणाऱ्याने स्वतःबरोबरच न्यावयाचे असते.

कार्यक्रम पंधरा-वीस मिनिटांचा असतो. परंतु तेवढ्या वेळात शरीरास ज्या नियमांखाली वावरावे लागते, ते जमिनीवरील नियमांहून निराळे असतात; आणि तेथे जे पाहावयास मिळते, ते इतके नाजूक असते की पाहणाऱ्याच्या हातूनच त्याचा नाश व्हावा. म्हणून जाणाऱ्याने दोन गोष्टी आधी समजून घेतलेल्या बऱ्या. पाण्याखाली श्वास कसा चालतो, ही पहिली. आणि ज्या घरी पाहुणा म्हणून जावयाचे त्या घरची रीत कोणती, ही दुसरी.

पहिल्या गोष्टीचा आरंभ जालन्याच्या विहिरीपासून करता येतो. मराठवाड्यात विहीर हीच मुलांची पोहण्याची शाळा होय. पाठीला भोपळा बांधून पोहावयास शिकलेले पोर दोन-चार उन्हाळ्यांत काठावरून सूर मारू लागते, आणि पुढे तळ गाठून मूठभर गाळ वर आणण्याच्या पैजा लागतात. त्या पोराच्या अंगावर काय घडते ते पाहावे. जमिनीवर वावरणाऱ्या प्रत्येक माणसावर वातावरणाचा दाब असतोच. समुद्रसपाटीस तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम भरतो. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच असल्याने तेथे तो शेकडा पाच-सहा इतका कमी असतो. पाण्यात मात्र दर दहा मीटर खोलीस आणखी एका वातावरणाएवढा दाब चढतो. म्हणजे दहा मीटर पाणी असलेल्या विहिरीच्या तळाशी पोहोचलेल्या मुलावर काठावरच्या मुलाच्या दुप्पट दाब असतो. हवेवरील दाब दुप्पट झाला की तिचे आकारमान निम्मे होते. बॉइल या शास्त्रज्ञाने १६६२ साली प्रसिद्ध केलेला हा नियम शाळेत सर्वांनीच पाठ केलेला असतो. त्याप्रमाणे वरून छातीत भरून नेलेली पाच लिटर हवा तळाशी अडीच लिटरांत मावते, आणि मूल वर आले की पुन्हा पाच लिटर होते. जेवढी नेली तेवढीच परत आली. हिशेब चुकता झाला.

या खेळात एकच खोट आहे, आणि ती जीवावर बेतणारी आहे. अधिक वेळ दम टिकावा म्हणून काही मुले बुडी मारण्यापूर्वी भराभर मोठे श्वास घेतात. त्यामुळे रक्तातील प्राणवायू विशेष वाढत नाही. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. श्वास घेण्याची निकड शरीरास जाणवते ती मुख्यतः या दुसऱ्या वायूच्या वाढीमुळे. तोच आधी घालवून टाकल्यावर निकड वेळेवर जाणवत नाही, आणि प्राणवायू संपत आलेला मुलगा काही कळण्यापूर्वीच पाण्यात बेशुद्ध होतो. चांगल्या पोहणाऱ्या मुलांचे विहिरीत किंवा शेततळ्यात जे मृत्यू घडतात, त्यांतील काहींचे मूळ येथे असते. ज्या घरांत मुले पोहतात, त्या घरांत ही गोष्ट माहीत असावयास पाहिजे.

दम कोंडून उतरण्यास अशी मर्यादा असल्यामुळे पाण्याखाली श्वास घेता यावा ही माणसाची इच्छा फार जुनी आहे. महाभारतातील दुर्योधन युद्धाच्या शेवटी द्वैपायन सरोवरात जलस्तंभन करून लपून राहिला. ज्यास अशी विद्या अवगत नाही, त्यास प्रथम सुचणारा उपाय म्हणजे पोकळ वेळूची नळी तोंडात धरून तिचे दुसरे टोक पाण्याबाहेर ठेवावयाचे. वीतभर खोलीवर हा उपाय चालतो; परंतु मीटरभर खाली गेल्यावर नळी कितीही रुंद असली तरी निरुपयोगी ठरते. कारण त्या खोलीवर पाणी छातीच्या दर चौरस सेंटिमीटरवर १०० ग्रॅम जादा भार घालते, आणि साऱ्या छातीचा हिशेब केला तर मोंढ्यातील धान्याचे एक पोते छातीवर ठेवल्यासारखे होते. नळीतून येणारी हवा मात्र वरच्याच दाबाची असते. हे पोते प्रत्येक श्वासागणिक उचलणे बरगड्यांच्या स्नायूंस अशक्य होय. तात्पर्य, पाण्याखाली नुसती हवा मिळून भागत नाही. ती तेथल्या पाण्याच्याच दाबाची मिळावी लागते.

एकोणिसाव्या शतकात हे साधण्याचा मार्ग असा होता की, तांब्याचे शिरस्त्राण व शिशाचे तळवे लावलेले जोडे घातलेल्या पाणबुड्यास जहाजावरील पंपाने नळीवाटे हवा पुरवावयाची. त्याने कामे पुष्कळ झाली. पण पाणबुड्या नळीला बांधलेला राही व तळावर जड पावलांनी चाले. त्याची ही नळी तुटली ती १९४३ साली. त्या वेळी फ्रान्स जर्मनीच्या ताब्यात होता. पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी गॅसवर चालवाव्या लागत, आणि एमिल गान्यां नावाच्या अभियंत्याने त्यासाठी गॅस गरजेइतकाच सोडणारी एक झडप तयार केली होती. फ्रेंच नौदलातील अधिकारी झाक कूस्तो याच्या सहकार्याने त्याने तीच कल्पना पाण्याखालील श्वासास लावली. आज मालवणास वापरले जाणारे साधन त्याच झडपेचे सुधारलेले रूप आहे.

तिची रचना समजण्यास अवघड नाही. स्वयंपाकघरातील गॅसच्या टाकीवर जो रेग्युलेटर असतो, तो आतील जोराचा दाब उतरवून शेगडीस सोसेल इतका करतो. पाणबुड्याच्या पाठीवरील टाकीत हवा वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाने भरलेली असते. टाकीच्या तोंडाशी असलेला पहिला रेग्युलेटर तो दाब पुष्कळ खाली आणतो. आणि दातांत धरलेला दुसरा उरलेले काम करतो. या दुसऱ्यात रबराचा एक लवचिक पडदा असतो, ज्याच्या एका अंगास पाणी व दुसऱ्या अंगास हवा असते. पाणबुड्याने श्वास ओढला की पडदा आत खेचला जातो, एक छोटी तरफ दाबली जाते आणि हवा येते. श्वास थांबला की झडप मिटते. खोली वाढली की बाहेरचे पाणी पडद्यास अधिक जोराने रेटते, त्यामुळे हवाही तेवढ्याच अधिक दाबाने येते. पोते छातीवर असतेच. पण ते उचलण्यास आता आतून तितकेच बळ मिळते.

या टाकीविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. तिच्यात ऑक्सिजन असतो असे म्हटले जाते. वस्तुतः तिच्यात साधीच, गाळून स्वच्छ केलेली हवा असते. शुद्ध ऑक्सिजन सहा-सात मीटरांच्या खाली विषासारखा बाधतो व त्याने झटके येतात. हवेचा पुरवठा किती वेळ टिकेल, याचा हिशेबही बॉइलच्याच नियमाने होतो. बारा लिटरांच्या टाकीत २०० पट दाबाने मावते ती सुमारे २,४०० लिटर हवा. पृष्ठभागावर मिनिटास २० लिटर हवा घेणाऱ्या माणसास ती दोन तास पुरेल. दहा मीटरांवर तिचा प्रत्येक श्वास दुप्पट दाट असल्याने एक तास पुरेल, आणि तीस मीटरांवर अर्धाच तास. जो घाबरतो तो भराभर श्वास घेतो, आणि त्याची टाकी त्याहून लवकर रिकामी होते. म्हणून या विद्येत धाडसाला फारशी किंमत नाही. संथ श्वास आणि शांत चित्त हेच तिचे भांडवल.

येथे विहिरीतील मुलाचा व टाकी बांधलेल्या पाणबुड्याचा मार्ग वेगळा होतो. मुलाने छातीत भरलेली हवा वरची होती. पाणबुड्याने दहा मीटरांवर छाती भरून घेतलेली पाच लिटर हवा खालच्या दाबाची असते. ती छातीत कोंडून तो वर आला, तर पृष्ठभागी ती दहा लिटर होऊ पाहते, आणि फुप्फुसांत तेवढी जागा नसते. नाजूक पडदे फाटून हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात. हा अपघात दोन मीटर खोलीवरून वर येतानाही घडू शकतो. म्हणून पहिला व कधीही न मोडावयाचा नियम असा की, पाण्याखाली श्वास कोंडावयाचा नाही. तो चालूच ठेवावयाचा, आणि वर येताना सावकाश यावयाचे. विहिरीत पोहणे शिकलेल्या माणसास हे विशेष जपावे लागते. पाण्यात शिरले की दम धरावयाचा, ही त्याच्या लहानपणीची सवय येथे शत्रू ठरते. दुसरी काळजी कानांची. घाटातून मोटार उतरताना कानांस जे दडे बसतात, तेच पाण्यात पहिल्या दोन-तीन मीटरांतच बसतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की ते सुटतात. सर्दीने नाक चोंदले असेल तर त्या दिवशी उतरू नये.

तिसरा धोका नायट्रोजनचा. हवेचा सुमारे चार-पंचमांश भाग असलेला हा वायू शरीरास एरवी उपयोगाचा नाही व अपायकारकही नाही. परंतु दाबाखाली तो रक्तात व चरबीत विरघळतो. गोटी सोड्याच्या बाटलीत वायू असाच विरघळून बसलेला असतो. गोटी आत ढकलली, दाब उतरला, की बुडबुड्यांचा फेस होतो. बॉइलने १६७० सालीच हवा काढून घेतलेल्या पात्रात ठेवलेल्या एका सापाच्या डोळ्यात असा बुडबुडा पाहिल्याची नोंद केली होती. पुढे १८७८ मध्ये पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाणबुड्यांच्या सांधेदुखीचे व पक्षाघाताचे कारण हेच बुडबुडे असल्याचे दाखविले. आणि १९०८ मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन याने बकऱ्यांवर प्रयोग करून किती खोलीवर किती वेळ राहिल्यास किती सावकाश वर यावे याची कोष्टके तयार केली. त्याचाच पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झाला व पुढे भारताचा नागरिक झाला, हे पुष्कळांस ठाऊक असेल. त्यानेही दुसऱ्या महायुद्धात पाणबुडीतील दाबाचे धोके स्वतःच्या देहावर अजमावून पाहिले होते.

या नायट्रोजनाचा जालन्याच्या प्रवाशाशी थेट संबंध येतो, तो परतीच्या वाटेवर. मालवणहून देशावर यावयाचे म्हणजे सह्याद्रीचा घाट चढावा लागतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे, आणि घाट चढून आल्यावर जालन्यापर्यंतचा मार्गही पठारावरूनच जातो. उंचीबरोबर वातावरणाचा दाब उतरतो. म्हणजे सकाळी पाण्यात उतरलेल्या माणसाची बाटली संध्याकाळी घाटात आणखी थोडी उघडली जाते. विमानप्रवासाविषयी पाणबुड्यांचा सर्वमान्य संकेत असा आहे की, एकदाच उतरल्यानंतर निदान १२ तास व अनेकदा उतरल्यानंतर निदान १८ तास थांबावे. आणि सुमारे ६०० मीटरांच्या वर नेणाऱ्या घाटरस्त्यासही तो लावणे योग्य होय. पर्यटकांस सहा-सात मीटरांवर पंधरा-वीस मिनिटे नेतात, त्यात हा धोका फारच थोडा असतो. तरीही समुद्राची फेरी सहलीच्या अखेरच्या सकाळी न ठेवता आदल्या दिवशी ठेवण्यात खर्च काहीच नाही. जे रीतसर शिक्षण घेऊन खोल उतरतात, त्यांनी तर हा संकेत कधीच मोडू नये.

आता दुसरी गोष्ट, म्हणजे ज्या घरी जावयाचे ते घर. मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये त्याचे काम सुरू केले व १६६७ मध्ये ते पुरे झाले. चहूंकडे खारे पाणी असता किल्ल्याच्या आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरींस गोडे पाणी आहे, याचे प्रत्येक प्रवाशास कौतुक वाटते. पण तटाच्या बाहेर, त्याच खडकांच्या पायथ्याशी, उथळ पाण्यात जी वस्ती आहे ती क्वचितच कोणाच्या ध्यानी येते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या भागात जिवंत प्रवाळ असल्याचे प्रसिद्ध केले, आणि १९८७ मध्ये सुमारे २९ चौरस किलोमीटरांचे मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले.

प्रवाळ म्हटले की जालन्यातील गृहिणीस सराफकट्ट्यावरील पोवळे आठवेल. अंगठीत बसवितात ते तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातील एका निराळ्या जातीचे असते. मालवणचे प्रवाळ त्याचेच दूरचे भाऊबंद. पण त्यांचे महत्त्व रंगात नसून घर बांधण्यात आहे. प्रवाळ हा दगड नव्हे व वनस्पतीही नव्हे. तो प्राणी आहे. मुगाच्या डाळीएवढ्या किंवा थोड्या मोठ्या, पिशवीसारख्या देहाचे आणि तोंडाभोवती मिशा असलेले हे जीव हजारोंनी एकत्र राहतात व पाण्यातील चुना घेऊन आपापली कोठडी बांधतात. त्यांच्या देहात सूक्ष्म शैवाल वस्तीस असते. शैवालास निवारा मिळतो व ते उन्हाच्या बळावर अन्न तयार करून त्यातील मोठा वाटा यजमानास देते. या भागीदारीस ऊन लागते, म्हणून असे प्रवाळ उथळ व स्वच्छ पाण्यातच वाढतात. पिढ्यामागून पिढ्या कोठड्यांवर कोठड्या रचल्या जाऊन बेटेच्या बेटे कशी उभी राहतात, याची उपपत्ती डार्विनने १८४२ मध्ये मांडली.

लक्षद्वीपासारखी विस्तीर्ण प्रवाळभित्ती मालवणास नाही. कोकणात चार महिने कोसळणारा पाऊस नद्यांवाटे गोडे पाणी व गाळ समुद्रात आणतो. देवबागपाशी कर्ली नदी समुद्रास मिळते ती अशीच गढूळ होऊन. गाळाने ऊन अडते व प्रवाळ गुदमरतो. म्हणून येथे तो ठिकठिकाणी, खडकांच्या आधाराने, ठिगळाठिगळांनी टिकून आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने तेव्हा उतरणे बंद असते. हंगाम साधारण ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंतचा, आणि त्यातही पाणी अधिक निवळते ते हिवाळ्यात.

खाली गेल्यावर प्रथम जाणवते ती रंगांची फसवणूक. पाणी तांबडा रंग आधी गिळते. सात-आठ मीटरांवर लाल साडीचा काठही करडा दिसू लागतो आणि सर्वत्र निळी-हिरवी छटा पसरते. चष्म्याच्या काचेतून वस्तू चतुर्थांशाने जवळ व तिसऱ्या हिश्श्याने मोठ्या भासतात. ध्वनी पाण्यात हवेतल्यापेक्षा चौपट वेगाने धावतो, त्यामुळे होडीच्या यंत्राचा आवाज येतो, पण कोठून येतो ते कळत नाही. बोलणे नाही, सारे हाताच्या खुणांनी. अंगठा वर केला तर जमिनीवर ‘उत्तम’ असा अर्थ होतो, पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’ असा आहे. ‘सर्व ठीक’ सांगावयाचे तर अंगठा व तर्जनी जुळवून वर्तुळ करावयाचे.

मग डोळे सरावतात. घागरीसारखे गोल, मेंदूसारख्या वळ्यांचे, थाळीसारखे पसरट असे प्रवाळ दिसू लागतात. चोचीसारख्या दातांनी खडकावरील शैवाल खरवडणारे पोपटमासे, जोडीने हिंडणारे पिवळे फुलपाखरू मासे, कपारीत दबा धरून बसलेला गोबरा, काट्यांची आयाळ फुलविलेला विषारी सिंहमासा, वाळूत अंग पुरून घेतलेले पाकट, काळ्या काट्यांचे गोळे व्हावेत तसे समुद्री साळू, गाळ चाळून पोट भरणारी समुद्रकाकडी, अशी ती वस्ती आहे. बाजारात ताटलीएवढा दिसणारा मासा येथे आपल्या घरी असतो, आणि कोणी कोणाच्या आश्रयाने जगते हे थोडे थांबून पाहिल्यास उमगते. घाईने पोहणाऱ्यास यांतील निम्मेही दिसत नाही.

समुद्रतळावर माणसाच्या वस्तूही आहेत. गोव्याच्या समुद्रात सुंची खडकाजवळ राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांस सतराव्या शतकाच्या आरंभीच्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष सापडले. त्यांत लोखंडी तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात व चिनी भांड्यांचे तुकडे होते. तेथल्याच सेंट जॉर्ज खडकाजवळ मिळालेल्या मालात बासेल मिशनच्या कारखान्याची १८६५ सालची खूण असलेल्या मातीच्या वस्तू निघाल्या. एकातून आफ्रिकेपासून चीनपर्यंतचा व्यापार उलगडतो, तर दुसऱ्यातून मलबाराकडील कौले समुद्रमार्गे कशी जात ते कळते. विजयदुर्गाजवळ पाण्याखाली एक दगडी बांध असल्याचे संशोधकांनी नोंदले आहे. त्याच बंदरात फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. या साऱ्यांचा अर्थ लागतो तो कोणती वस्तू कोठे, कशाशेजारी पडली होती यावरून. आठवण म्हणून एखादी वस्तू उचलून आणणारा ती वस्तू वाचवीत नाही. तिची साक्ष पुसून टाकतो.

बुडालेले जहाज काही वर्षांत जिवंत खडक बनते. वाळूच्या तळावर लार्व्हा अवस्थेतील जीवांस चिकटण्यास घट्ट जागा नसते. ती जहाज पुरविते. आधी शैवाल व शंखशिंपले, मग स्पंज, मग आडोसा शोधणारे मासे असा क्रम लागतो. याच तत्त्वावर नौदलाचे ‘गुलदार’ हे सुमारे ८४ मीटर लांबीचे जहाज, जे जानेवारी २०२४ मध्ये सेवेतून निवृत्त झाले, ते २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपविण्यात आले. निवतीच्या खडकांजवळ ते तळाशी बसवून पाण्याखालील संग्रहालय करावे अशी ही योजना आहे. असे जहाज बुडविण्यापूर्वी त्यातील तेल, तारा व विषारी द्रव्ये काढून टाकावी लागतात. नाहीतर आसऱ्याऐवजी विषच दिल्यासारखे होईल.

परंतु बुडविलेले जहाज प्रवाळाची जागा घेऊ शकत नाही. गोल आकाराचा प्रवाळ वर्षाकाठी साधारण एक सेंटिमीटर वाढतो. घागरीएवढा गोळा घडावयास पंधरा-वीस वर्षे लागतात. होडीचा नांगर तो एका क्षणात फोडतो. नवख्या माणसाने तोल सावरण्यासाठी त्यावर पाय टेकला किंवा त्यास हात लावला, तर वरचे जिवंत कातडे चिरडते. मासे जमावेत व छायाचित्र चांगले यावे म्हणून काही ठिकाणी पाव वा बिस्किटे टाकली जातात. त्याने शैवाल खाणारे मासे आपले काम सोडतात, आणि शैवाल प्रवाळावर चढते. वाऱ्यावर सोडलेली फाटकी जाळी वर्षानुवर्षे मासे धरीत राहतात व प्रवाळास आवळतात.

याहून मोठे संकट उष्णतेचे. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादाच अंश अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या अंगचे शैवाल बाहेर टाकतो व पांढरा फटक पडतो. भागीदार गेला की अन्न गेले; ताप लवकर उतरला तर तो सावरतो, नाहीतर मरतो. १९९८, २०१० व २०१६ या वर्षी भारताच्या समुद्रांत असे घडले; आणि जगभर पसरलेली अशी चौथी लाट चालू असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले, त्या वर्षी लक्षद्वीपचे प्रवाळही पांढरे पडले. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरांवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखले जाणारे ‘आंग्रिया बँक’ हे बुडालेले पठार आहे. त्याचा माथा वीसेक मीटर खोल असून नद्यांचा गाळ तेथवर पोहोचत नाही, म्हणून तेथील प्रवाळ मालवणहून समृद्ध आहे. २०१९ च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांच्या मोहिमेने त्याची पाहणीही केली. पण गाळ जेथे पोहोचत नाही, तेथे उष्णता पोहोचते. तापलेल्या समुद्राशी झुंजणाऱ्या प्रवाळाला निदान माणसाच्या पायांचा व नांगरांचा त्रास तरी होऊ नये, एवढे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या अधिनियमात प्रवाळास पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस, स्थान आहे. त्याचा तुकडा तोडणे वा विकणे हा गुन्हा होय. अभयारण्याच्या मर्यादांविषयी मालवणच्या मच्छीमारांच्या तक्रारी जुन्या आहेत, आणि त्या समजुतीने सोडविल्या पाहिजेत. कारण किनाऱ्यावरील रापण व होडी ज्यांची उपजीविका आहे, तेच या वस्तीचे सर्वांत जवळचे शेजारी. त्यांच्यातील कित्येक तरुण आता पर्यटकांस पाण्याखाली नेतात. प्रवाळ जिवंत राहिला तर त्यांचे हे कामही राहील.

तेव्हा जालन्याहून निघणाऱ्या कुटुंबाने हॉटेलची चौकशी करते वेळी आणखी चार प्रश्न विचारावेत. नेणाऱ्याजवळ प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आहे काय? एका मार्गदर्शकाबरोबर किती जण पाठवितात? टाकी भरणारे यंत्र धुरापासून दूर ठेवलेले आहे काय? आणि होडी प्रवाळावर नांगर टाकते की बांधून ठेवलेल्या तरंगत्या पिंपास दोर लावते? दमा, हृदयविकार, फिट्स किंवा कानाचा जुना विकार असणाऱ्यांनी व गर्भवतींनी उतरू नये. शंका असल्यास जालन्यातच डॉक्टरांस विचारून निघावे. ज्यांस अधिक शिकावयाचे असेल, त्यांच्यासाठी तारकर्लीस पर्यटन महामंडळाच्या संस्थेत रीतसर अभ्यासक्रमाची सोय आहे.

उत्तरे समाधानकारक मिळाली, तर मनात भीती ठेवण्याचे कारण नाही. खाली गेल्यावर श्वास मात्र कोंडू नये, आणि हात छातीशी आवरून ठेवावेत. पहिल्याने पाहुणा सुखरूप परत येतो. दुसऱ्याने यजमानाचे घर पुढच्या पाहुण्यासाठी शाबूत राहते.